शिमेवर ठेवलेली पणती

माझ्या मुलीशी मी दोनदा खोटं बोलले. रोजची बारीकसारीक थापेबाजी मी यात धरत नाही. आमटीत भोपळा नाही असं सांगून भोपळा खाऊ घालणं जर खोट्यात येत असेल, तर जगातल्या सगळ्या आया नरकात जातील. मी म्हणते ती मोठी दोन. दोन्ही वेळा तिची परीक्षा चालू होती, आणि दोन्ही वेळा खोटं बोलायचं असं मी ठरवलंही नव्हतं. तोंडातून आपसूक निघून गेलं. मी शाळामास्तरीण आहे, परीक्षा म्हटली की माझं डोकं चालायचं थांबतं.

पहिलं खोटं तिच्या बारावीच्या वेळचं. माझं माहेर पेडण्यातल्या हळर्णाला. माहेरच्या घराला लागून एक घर आहे, त्या घरात माझ्या मुलीच्याच वयाची एक मुलगी होती. दर मे महिन्यात या दोघी किल्ल्याच्या पडक्या तटावर चढायच्या, काजूच्या बिया भाजून हात काळे करून घ्यायच्या, आणि मे संपला की उरलेलं वर्ष कॉम्प्युटरवर मिळून गेम खेळायच्या. ती हळर्णात, ही डिचोलीत, दोघींच्या कानाला हेडफोन. भिंतीशी बडबडणारी मुलगी बघून मी म्हणायचे, एक दिवस भूत उतरवणाऱ्या घाड्याला बोलावून तुला दाखवावं लागेल. त्या परीक्षेच्या दिवसांत हळर्णच्या मुलीला ताप आला आणि चार दिवसांत ती गेली. मंगळवारी सकाळी माझ्या भावाने फोन करून सांगितलं. गुरुवारी फिजिक्सचा पेपर होता. पेज जेवता जेवता मुलीने विचारलं, "आई, तिचो फोन लागना गो."

"हळर्णात नेटवर्क कधी असता?" मी म्हणाले, आणि तिच्या ताटलीत लोणचं वाढलं.

गुरुवारी पेपर देऊन आल्यावर सांगितलं. दहन होऊन तिसरा दिवस होता. तिने एकच विचारलं, "तुका मंगळवारी म्हायत होता?" मी म्हणाले, होय. त्यावर ती भांडली असती, ताट आपटलं असतं, तर मी तोंडाला तोंड दिलं असतं, त्यात मी कुणाला हार जात नाही. पण ती उठून हात धुवायला गेली, आणि त्या दिवसापासून माझ्याशी बोलायची ती तालुक्याच्या कचेरीत बोलावं तशी. जेवले. येते. नको. मग मडगावला कॉलेजात गेली, वसतिगृहात राहायला लागली, तेव्हा फोनवरही तेच तीन शब्द. वर्ष सरलं. मी वर्गात चाळीस पोरांना बोलतं करते, आणि माझ्या घरातलं एक लेकरू माझ्यापुढे मुकं. कुणाला सांगायची सोय नव्हती.

म्हणून त्या रविवारी तिचा फोन आला आणि ती म्हणाली, "आई, माजा एक काम करशी?", तेव्हा काम काय ते ऐकायच्या आधीच मी होय म्हणून बसले.

काम होतं त्या गेमचं. गेममध्ये एक नवा मुलूख उघडणार होता, बेटांचा. तिथे रोज बारा पेट्या भरतात, त्यातला माल त्या पहिल्या आठवड्यातच मिळतो, नंतर कधीच नाही. वाटेत शंख पडलेले असतात, तेही गोळा करायचे. नेमकी तिची परीक्षा त्याच आठवड्यात, शेवटचा पेपर शनिवारी, आणि वसतिगृहात कॉम्प्युटर नाही. "रोज फकत बारा पेट्यो उघड. शंख दिसले तर उचल. बाकी कशाक हात लावू नाका." मी वहीत लिहून घेतलं. पासवर्ड सांगताना तिचा आवाज जरासा अडखळला, कारण पासवर्डात त्या मुलीचं घरचं नाव होतं. पण दिला.

सोमवारी आमोण्याच्या शाळेतून येऊन, दोन घास खाऊन, मी तिच्या खोलीत कॉम्प्युटरपुढे बसले. गेममध्ये मुलगी म्हणजे लाल घोंगडीवजा काहीतरी पांघरलेली, पाठीला धनुष्य लावलेली एक सडसडीत पोर. पहिला अर्धा तास मी तिला भिंतीवर आपटत होते. माझा नवरा पूर्वी सुर्ल्याच्या खाणीवर मोठं मशीन चालवायचा, खाण बंद झाल्यापासून घरी असतो आणि माडांना पाणी घालतो. तो जनेलातून डोकावून म्हणाला, "रिव्हर्स घाल गो." मी म्हटलं, तुम्ही तुमच्या माडांकडे बघा.

जमलं हळूहळू. खेळ म्हटला तरी मला त्यातली रीत काही पटेना. दुसऱ्याच्या ओसाड घरात शिरायचं, मडकी फोडायची, पेटी दिसली की झाकण उघडून आत असेल ते पिशवीत कोंबायचं. तांब्याची नाणी, पिसं, फाटक्या नकाशाचे तुकडे, निळे खडे. आमच्याकडे पडलेला नारळसुद्धा कुणाच्या माडाचा ते बघून उचलतात. पण मुलीने सांगितलं होतं, म्हणून मी चोरासारखी इकडेतिकडे बघत बघत एकेक पेटी फोडत होते.

आणि मुख्य गोष्ट घडली ती पहिली पेटी उघडायच्याही आधी, नव्या मुलखात शिरताना. जुना मुलूख संपतो तिथे एक ओहोळ होता. ओहोळापलीकडे एक झाड, आणि झाडाच्या बुडाशी उभा दगड, शेवाळलेला, वर कसलीशी कोरीव नक्षी. आता पेडण्यात वाढलेल्या कुणालाही तो दगड दाखवा. तो दगड नव्हे, ती शीम. गावाची हद्द. तिथे राखणदार असतो, आणि दुसऱ्याच्या शिमेत पाय ठेवताना हातात असेल ते, पान, फूल, अगदी झाडाची डहाळी, त्याच्यापुढे ठेवून दोन शब्द बोलल्याशिवाय पुढे जायचं नाही. माझे वडील आम्हा भावंडांना घेऊन शिमेबाहेर पडायचे तेव्हा थांबून गाऱ्हाणं घालायचे. प्रत्येक वाक्याला आम्ही पोरांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. एकाने मागायचं आणि दुसऱ्याने व्हय म्हणायचं, तेव्हा ते गाऱ्हाणं पुरं होतं, असं ते सांगायचे.

हसू नका. मला ठाऊक होतं तो कॉम्प्युटर आहे. पण माझी पोर, वर्षभराने माझ्याकडे काहीतरी मागणारी, तिची ती लाल घोंगडीवाली नव्या मुलखात चालली होती, आणि पुढे काय वाढून ठेवलंय ते मला दिसत नव्हतं. रिकाम्या हाताने कशी पाठवू? मी पिशवी उघडून बघितली. तलवारी, बाण, औषधाच्या बाटल्या, चकाकणारे दागिने. यातलं काही दिलं तर मुलगी ओरडेल. तळाशी एक मातीची पणती होती. खाली इंग्रजीत लिहिलेलं, साधी वस्तू, उपयोग नाही. राखणदाराला पणतीसारखं दुसरं काय? मी ती दगडापुढे ठेवली. ठेवल्याबरोबर पेटली, खरंच सांगते, लहानशी ज्योत. मग मी गाऱ्हाणं घातलं, मोठ्याने, कारण मनातल्या मनात घातलेलं चालत नाही.

"बा शिमेच्या राखणदारा, आज माजा चेडू तुज्या शिमेत पाय घालता. चुकला माकला तर पोटात घाल, वाटेत काटो आसलो तर बाजूक कर, आणि गेला तसा परत हाड, म्हाराजा."

गेली तशी माझी मुलगी परत आण, एवढंच मागणं होतं. व्हय म्हणायला कुणी नव्हतं. मी नवऱ्याला हाक मारली तर तो बागेतून म्हणाला, "काय? पाणी बंद करू?"

मंगळवारी पुन्हा गेम उघडला तेव्हा दगडापुढे पणती नव्हती. मी खूश झाले. म्हटलं, राखणदाराने पदरात घेतली. त्या दिवशी बाराच्या बारा पेट्या एका दमात सापडल्या, आणि वर सात शंख. मी फोनवर आकडा सांगितला तेव्हा मुलगी हसली. हसली म्हणजे नाकातून हवा सोडली तेवढीच, पण मी स्वयंपाकघरात जाऊन नवऱ्याला सांगितलं.

बुधवारी संध्याकाळी तिचा आपणहून फोन आला. अभ्यास, जेवण, पाऊस वगैरे झालं आणि मग ती मुद्द्यावर आली. "आई, पिशयेत सगळ्यात सकयल एक पणती आसा. तेवडी सांभाळ हां. ती तिणा दिलली. गेम सुरू केलो त्या पयल्या दिसा." तिने त्या मुलीचा विषय काढला तो वर्षात पहिल्यांदा. सोमवारी दगडापुढे ठेवली होती ती हीच. "आसा मगे?" तिने विचारलं.

"आसा गो," मी म्हणाले.

फोन ठेवल्यावर मी तिथेच खाटेवर बसले. स्वतःचा असा संताप आला की वाटलं एक मुस्कटात ठेवून द्यावी. बाकी कशाला हात लावू नको, एवढं एक वाक्य. पहिलीतली पोरं ऐकतात. मला दिलेली वस्तू मी गेल्या गेल्या देवाला वाहून बसले, तीही दुसऱ्याची. आणि वर पुन्हा तेच, आसा गो.

गुरुवारी मी शाळेत अर्धी रजा टाकली. नवऱ्याला सगळं सांगितलं. तो चष्मा लावून माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसला आणि आम्ही दोघांनी तो मुलूख पिंजून काढला. दगडाभोवतीचं गवत, ओहोळाचं पात्र, झाडामागची घळ. कुणी उचलून नेली असेल म्हणून बाजारात जाऊन तिथल्या दुकानदाराचा माल बघितला. एका गुहेत शिरलो तर कोळी अंगावर आला, तसा नवऱ्याने माझ्या हातातून माऊस काढून घेतला आणि दहा टनांचं मशीन मागे घ्यावं तसं पोरीला सावकाश मागे आणलं. मग त्याला कुठेतरी मदतीचं पान सापडलं. मी वाचून अर्थ सांगितला. जमिनीवर टाकलेली वस्तू गेम बंद करेपर्यंत राहते. बंद केला की कायमची जाते.

सोमवारी मीच बंद केला होता. चूल पेटवायची वेळ झाली म्हणून.

त्या दिवसाच्या पेट्या उघडायच्या राहिल्या होत्या, म्हणून मी यंत्रासारखी त्या उघडत गेले. नवव्या पेटीत, आता याला काय म्हणायचं सांगा, पणती निघाली. तीच माती, तेच नाव, तीच साधी वस्तू. मी दहा वेळा बघितली. हळर्णच्या मुलीने दिलेली आणि ही, शेजारी शेजारी ठेवली असती तर देवालाही ओळखू आली नसती.

"झाला मगे," नवरा म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर खरंच सुटका होती. "घाल पिशयेत आणि गप रव. तेका कळाचा नाय." मग तो पुढे म्हणाला, "सांगाचाच आसात तर पेपर होऊ दी. मागीर सांग."

पेपर होऊ दी. मागीर सांग. बारावीच्या वेळी, त्या मंगळवारी, मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून त्याला हेच म्हणाले होते, शब्द न शब्द. त्याला ते आठवत नव्हतं. मला आठवत होतं. मी पिशवीतल्या त्या नव्या पणतीकडे बघत राहिले. ती घेऊन मी सुटत होते. मुलगी शनिवारी येणार, पिशवी उघडणार, पणती बघणार, कदाचित मला चहा करून देणार. आणि ज्या वस्तूला ती जिवापाड जपेल ती तिच्या मैत्रिणीची नसून माझ्या खोट्याची असेल, हे एकट्या मला ठाऊक असणार, जन्मभर.

शुक्रवारी सकाळी पोदेर पावाची पाटी घेऊन हॉर्न वाजवत गेला, तेव्हा मी फोन लावला. तिने उचलला, आवाज झोपेतला.

"पणती नाय," मी म्हणाले. "मी ती सोमवारीच शिमेर ठेवलंय, राखणदाराक. ती गेली, परत येवची नाय. परवा तुका मी खोटा सांगलंय. काल तशीच दुसरी गावली, पिशयेत आसा, पण ती तिची न्हय."

पलीकडे कुणीतरी बादली ओढत नेल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "फाल्यां, शनवारी, पेपर आसा माजो."

"म्हायत आसा. म्हणानच आज सांगतंय."

फोन बंद झाला. मी पुन्हा लावला नाही. नवरा पाव हातात घेऊन उभा होता. त्याने पाव मेजावर जरा जोरात ठेवला.

तो शुक्रवार मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. शाळेत वाचन घेतलं, काय वाचलं ते विचारू नका. मनात एकच, ती पेपरला बसली नाही तर? माझ्यामुळे वर्ष गेलं तर? सगळे म्हणतील, आईला अक्कल नव्हती, एक दिवस थांबली असती तर काय बिघडलं असतं? आणि त्याहून वाईट, पेपर देऊनही ती घरीच आली नाही तर? वसतिगृहाच्या सुट्टीत मैत्रिणींकडे राहणाऱ्या मुली असतात. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं मी स्वतःला दिवसभर ऐकवलं. फोन मी शाळेच्या टेबलावर उताणा ठेवला होता. तो वाजला नाही. शनिवारी दुपारीही वाजला नाही. नवरा दोनदा बसस्टँडवर जाऊन आला आणि दोन्ही वेळा काहीतरी विकत आणल्यासारखं केलं.

चारच्या सुमारास फाटकाची कडी वाजली. पाठीला पिशवी, केस घामाने कपाळाला चिकटलेले. "पेपर दिलो," एवढं म्हणून ती माझ्या बाजूने सरळ खोलीत गेली. पाय धुतले नाहीत, पाणी मागितलं नाही. कॉम्प्युटर लावल्याचा आवाज आला. मी दाराशी जाऊन उभी राहिले. आत जायची मला हिंमत झाली नाही.

तिने पेट्यांचा माल बघितला नाही, शंख मोजले नाहीत. लाल घोंगडीवाली पोर ओहोळापर्यंत मागे आली आणि दगडापुढे येऊन थांबली.

"हंय ठेवलंस?"

"थंयच. झाडाच्या मुळाकडे."

"पेटली?"

"पेटली."

"ठेवताना काय म्हटलंस?"

मी गाऱ्हाणं सांगितलं, जसंच्या तसं. चेडू तुज्या शिमेत पाय घालता, गेला तसा परत हाड. ती माझ्याकडे पाठ करून बसली होती आणि मला तिच्या मानेवरचा घाम तेवढा दिसत होता.

"व्हय कोण म्हणाला?"

"कोणी नाय. तुज्या बापसाक आयकाक येवक नाय."

तिने पिशवी उघडली. तळाशी ती दुसरी पणती होती. तिने तिच्यावर माऊसचा बाण नेला, क्षणभर थांबली आणि पिशवी मिटली. "ही रवांदी. ही तू हाडलंस," ती म्हणाली. मग खुर्ची वळवून तिने माझ्याकडे बघितलं. वर्षभरात पहिल्यांदा, नीट तोंडाकडे. डोळे सुजलेले होते. ते आजचे नव्हते, कालपासूनचे असावेत.

"आता तिच्यासाठी घाल," ती म्हणाली. "गाऱ्हाणा. मी येवक नाय तेंव्हा कोणी घातला की नाय म्हायत नाय."

मी दाराची चौकट धरली. वडील गाऱ्हाणं घालायचे तेव्हा त्यांना शब्द शोधावे लागत नसत. मला एकेक शोधावा लागला.

"बा शिमेच्या राखणदारा. हळर्णचा एक चेडू तुज्या शिमेतसून फुडे गेला. एकटा गेला. तेच्या मैत्रिणीक निरोप देवक मिळाक नाय, ती चूक माजी, चेडवांची न्हय. ती पणती तेचीच, तेच्या हातात दी. फुडे काळोख आसलो तर तेका वाट दिसांदी, म्हाराजा."

नवरा माझ्या मागे येऊन उभा राहिला होता. हातात ओला पाईप, पाणी घरात ठिबकत होतं. त्याने तोंड उघडलं, तसा मी त्याचा दंड दाबला. हे त्याने म्हणायचं नव्हतं. दगडामागचं झाड पडद्यावर हलत होतं. मला वाटलं ती आता खुर्ची परत वळवील, आणि मग आपण चहा टाकायला जाऊ.

"व्हय म्हाराजा," माझी मुलगी म्हणाली.